माहेर नावाचा ट्रोप

कुठल्याही सिरीजबद्दल गप्पा सुरू झाल्या की दोन मिनिटांत कुणीतरी म्हणतंच, "अगं तोच ट्रोप आहे, हरवलेला भाऊ, छळणारी सासू आणि शेवटी सगळे एकत्र", आणि विषय तिथेच संपतो. ट्रोप म्हणजे गोष्टींमध्ये पुन्हा पुन्हा येणारा ठरलेला साचा, आणि तसं म्हटलं की त्यात आता बघण्यासारखं काही उरलेलं नाही असं धरूनच चालतात लोक. मला हे अजिबात पटत नाही. एखादी गोष्ट माणसं शेकडो वर्षं पुन्हा पुन्हा सांगतायत म्हणजे ती कुठेतरी अजून दुखत असणार, नाहीतर कशाला सांगतील? आणि हे बोलायचंच असेल तर लांबची उदाहरणं नकोत, आपल्याच घरातलं एक घेते. माहेर.

भोंडल्याचं ते कारल्याचं गाणं आठवा. सुनेला माहेरी जायचंय. तर म्हणे, कारल्याचं बी पेर गं सूनबाई, मग जा आपल्या माहेरा. ती बी पेरते. मग वेल येऊ दे. वेल येतो, तर कारली लागू देत, कारली लागतात तर भाजी कर, भाजी केली तर खा, खाल्ली तर उष्टं काढ, आणि असं करत करत एकदाचं "आणा फणी घाला वेणी, जाऊ द्या राणी माहेरा". आपण हे पाटावरच्या हत्तीभोवती फेर धरून हसत हसत म्हटलेलं असतं, सगळं लक्ष खिरापत काय असेल त्याच्याकडे. पण जरा हिशोब करून बघा, बी पेरल्यापासून कारलं हाताला यायला दीड-दोन महिने सहज जातात. म्हणजे माहेरी जायची परवानगी मागितली आणि उत्तर म्हणून तिला एक अख्खं पीक काढायला लावलं! आणि हे कुठे रडून नाही सांगितलेलं, आठ-दहा वर्षांच्या पोरींच्या खेळात टाकून दिलंय, की बायांनो पुढे हे असंय, आत्ताच चालीवर पाठ करून ठेवा. भोंडल्यातल्याच दुसऱ्या गाण्यात तर सरळ निकालच लावलाय, अस्सं सासर द्वाड बाई कोंडून मारतं आणि अस्सं माहेर सुरेख बाई खेळाया मिळतं.

तर हे झालं माहेर म्हणजे खरंखुरं माहेर. गंमत पुढे आहे, कारण हीच गोष्ट संतांनी उचलली आणि तिचं तत्त्वज्ञान केलं. ज्ञानेश्वर म्हणतात, जाईन गे माये तया पंढरपुरा, भेटेन माहेरा आपुलिया. एकनाथांनी तर माहेरचा अख्खा गोतावळाच मांडलाय, आईबाप विठ्ठल-रखुमाई, पुंडलिक बंधू, चंद्रभागा बहीण. आणि तुकोबांचं ते, कन्या सासुऱ्यासी जाये, मागे परतोनी पाहे.

या ओळीपाशी मी नेहमी थांबते. त्या मुलीचं रडणं यात नाही, आईचे हुंदके नाहीत, फक्त एक मान मागे वळते. बस्स. एवढ्याशा हालचालीवर पुढचा अख्खा अभंग उभा आहे, केव्हा भेटसी केशवा. आणि ही हालचाल एका पुरुषाने स्वतःची म्हणून सांगितलीय, जो स्वतः कधी कुणाच्या सासरी गेलेला नाही. दुसऱ्या एका अभंगात तुकोबा म्हणतात, माहेरिंचा काय येईल निरोप म्हणऊनि झोंप नाहीं डोळां, आणि मग कपाळावर हात आडवा धरून वाटेकडे बघणं, बोटांवर दिवस मोजणं. अंगणात उभ्या राहिलेल्या बाईला ज्याने नीट निरखून बघितलंय त्यालाच हे लिहिता येतं.

पण बाकी इतकी रूपकं हाताशी असताना संतांना माहेरच का लागलं, मासोळी होती, वासरू होतं, चकोर होता? मला वाटतं याचं उत्तर वारकऱ्यांच्या जगण्यात आहे. सासर वाईट असेल पण ते सोडून पळून जायचं नसतं, नांदायचं असतं. वारकरीही संसार सोडत नाही. तो पेरण्या उरकून निघतो, पंढरपूरला जातो, कळसाचं तरी दर्शन घेतो, आणि परत आपल्या शेतावर येतो, पुढच्या वर्षीपर्यंत. हे सरळसरळ माहेरपण आहे, चार दिवस जाऊन यायचं आणि त्या चार दिवसांच्या जोरावर वर्ष काढायचं. संन्यास नको, संसारातच राहायचं, पण आपण मूळचे इथले नाही याची आठवण बुजू द्यायची नाही, हा एवढा मोठा विचार एखाद्या पंडिताला ग्रंथभर मांडावा लागला असता आणि तरी तो किती जणांपर्यंत पोचला असता कुणास ठाऊक, तो माहेर या एका शब्दात दळणकांडण करणाऱ्या बाईलाही कळला, किंबहुना तिला सगळ्यात आधी कळला. म्हणून मला ट्रोप म्हणजे नुसती सजावट वाटत नाही. विचार कधी कधी तिथेच राहायला असतो.

आपल्या जुन्या काव्यशास्त्राला हे पक्कं माहीत होतं. शब्दाचा सरळ अर्थ अडला की त्याच्याशी नातं असलेला दुसरा अर्थ घ्यायचा, याला लक्षणा म्हणतात, आणि तिचं ठरलेलं उदाहरण म्हणजे गंगायां घोषः, गंगेवर गवळ्यांची वस्ती. आता नदीच्या पाण्यावर वस्ती कशी असेल, तर अर्थ घ्यायचा काठावर. पण मग सरळ काठावर का नाही म्हटलं? कारण गंगेवर म्हटलं की तिचा गारवा आणि पावित्र्य त्या वस्तीला येऊन चिकटतं, जे काठ म्हटल्याने येत नाही. अकराव्या शतकातला काश्मिरी पंडित मम्मट काव्यप्रकाशात सांगतो की लक्षणा दोन कारणांनी होते, रूढीने नाहीतर प्रयोजनाने. गंगेवरची वस्ती हे प्रयोजन. आणि रूढीचं उदाहरण म्हणजे कुशल, मूळ अर्थ कुश नावाचं गवत तोडणारा, ते धारदार गवत बोटं न कापता तोडायला कसब लागतं म्हणून कुशल म्हणजे निष्णात. आज कुशल कारागीर म्हणताना कुणाच्या डोळ्यासमोर गवत येतं? कुणाच्याच नाही. अद्वैतवाल्यांनी तर तत्त्वमसि, म्हणजे ते तू आहेस, या उपनिषदातल्या महावाक्याचा अर्थसुद्धा लक्षणेनेच लावला, कारण सरळ शब्दाने ते वाक्य लागतच नाही. म्हणजे जिथे सगळ्यात खरं बोलायचंय तिथेच वळसा घ्यावा लागला.

रूढी आणि प्रयोजन हे दोन शब्द मी सिनेमा बघताना हल्ली सतत वापरते, अगदी मनातल्या मनात. एखादा ट्रोप पडद्यावर आला की बघायचं, तो इथे नुसता रूढीने आलाय की काही प्रयोजन आहे.

1991 साली माहेरची साडी आला, दिग्दर्शक विजय कोंडके, नायिका अलका कुबल. तो कसा चालला हे त्या काळात वाढलेल्या कुणालाही सांगायला नको, गावोगावच्या बायका घोळक्याने गेल्या आणि डोळे सुजवून बाहेर आल्या. त्या सिनेमाला हसणं फार सोपं झालंय आता, रील्स बनतात, मिमिक्री होते. मला ते हसू येत नाही. मी लहान होते तेव्हा आई आणि मावशीबरोबर तालुक्याच्या टॉकीजला बघितला होता, आणि आमच्या पुढच्या रांगेतल्या एक आजी पदर तोंडात धरून रडत होत्या आणि मध्येच पडद्यावरच्या सासूला मोठ्याने शिव्या देत होत्या, आणि थिएटरमध्ये कुणीही त्यांना गप्प बसा म्हणालं नाही. कित्येक बायकांना आपल्या घरातलं मोठ्याने बोलायची परवानगी त्या अंधारात पहिल्यांदा मिळाली असेल. रूढ ट्रोपचंसुद्धा हे एवढं काम आहे आणि ते लहान नाही.

आणि साडीच का, हेही बघायला हवं. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी सवाष्ण बाई गेली तर तिच्या अंगावर शेवटची साडी माहेरची घालतात. लग्नात निघताना माहेरची साडी, डोहाळजेवणाला माहेरची, दिवाळीला माहेरची, आणि शेवटी चितेवर जातानाही माहेरची. म्हणजे माहेर नावाचं अख्खं घर, अंगण, विहीर, माणसं, ते सगळं घडी घालून सहावारी-नऊवारी कापडात बसवलेलं आहे. लेकीला घर नेता येत नाही, साडी नेता येते. प्रयोजन याहून मोठं काय असणार?

मग तरीही त्या सिनेमांच्या नंतर आलेल्या नकला, मालिका, त्यातल्या साड्या बघवत का नाहीत? याचं उत्तर मला सापडलं ते तत्त्वज्ञानातल्या वेगळ्याच ट्रोपमध्ये. 1953 मध्ये हार्वर्डचे डोनाल्ड केरी विल्यम्स यांनी हाच शब्द घेऊन भलत्याच गोष्टीला लावला. त्यांची उदाहरणं लॉलीपॉपची आहेत. दोन लॉलीपॉप एकसारखे लाल असले तरी या लॉलीपॉपचा लाल हा याचाच आहे आणि त्याचा त्याचाच, तंतोतंत सारखे असतील पण एक नाहीत. असा जो एकेका वस्तूचा स्वतःचा, दुसरीकडे कुठेच नसलेला गुण, त्याला ते ट्रोप म्हणतात. आपल्या न्याय-वैशेषिक या जुन्या दर्शनांनी हे शेकडो वर्षं आधी मांडून ठेवलं होतं, की गुण हा त्या त्या द्रव्यात समवायाने, म्हणजे न सुटणाऱ्या नात्याने राहतो, या कमळाचा निळा रंग या कमळाबरोबरच आहे. म्हणजे बघा, सिनेमावाले ट्रोप म्हणतात ते पुन्हा पुन्हा येणाऱ्या गोष्टीला आणि तत्त्वज्ञ ट्रोप म्हणतात ते पुन्हा कधीच न येणाऱ्या गोष्टीला!

आणि कॅमेऱ्यापाशी येऊन हे दोन्ही समोरासमोर उभे राहतात. कथेत तुम्ही "माहेरची साडी" असं लिहून मोकळे होऊ शकता. कॅमेऱ्याला नुसती साडी शूट करताच येत नाही. त्याला ही साडी लागते, या रंगाची, या काठाची, इथे जरा उसवलेली. खऱ्या माहेरच्या साडीला काय काय असतं ते आठवा. डांबराच्या गोळीचा वास असतो. घडीवर रंग किंचित उडालेला असतो कारण आईने ती कधीतरी आधीच घेऊन ट्रंकेत ठेवलेली असते, स्वस्त मिळाली तेव्हा. ब्लाउजपीस भलत्याच रंगाचं असतं. पदर आपण स्वतः कधी निवडला नसता असा असतो, कारण आईच्या डोक्यात आपण अजून लग्नाआधीच्याच आहोत आणि आपल्याला तेव्हा मोरपंखी आवडायचा. या प्रत्येक गोष्टीत एक माणूस आहे. मालिकेतली साडी मात्र कॉश्च्युमवाल्याने सकाळी प्लास्टिकमधून काढलेली, कडक इस्त्रीची, पिनांनी बसवलेली. तिचा लाल हा कुणाचाच लाल नसतो. पुनरावृत्तीने नाही मरत ट्रोप, तपशील धुऊन टाकल्याने मरतो असं माझं ठाम मत आहे.

बहिणाबाई चौधरींकडे (1880 ते 1951) बघा. माहेर असोदं, सासर जळगाव, शेजारशेजारचीच गावं. विषय तोच, हजार वेळा झालेला. आणि ही बाई काय करते, तर माहेरच्या वाटेवर ठेच लागते आणि तो दगडच बोलतो. नीट जाय मायबाई, नको करू धडपड, तुझ्याच मी माहेरच्या वाटेवरचा दगड. कोणत्याही वाटेवरचा दगड नाही, त्या एका वाटेवरचा तो एक दगड. वैशेषिकांना यापेक्षा चांगलं उदाहरण कुठून मिळालं असतं!

आता तिसरी गोष्ट, आणि मला खरं तर हिच्यासाठीच हे सगळं लिहायचं होतं. ग्रीक संशयवाद्यांकडेही ट्रोप होते. एनेसिडेमसचे दहा, आणि ते आपल्यापर्यंत आले सेक्स्टस एम्पिरिकसच्या लिखाणातून. तिथे ट्रोप म्हणजे बघायची जागा बदलून दाखवायच्या रीती. मध निरोगी माणसाला गोड आणि कावीळ झालेल्याला कडू. बुरूज लांबून गोल, जवळ जाऊन बघितला तर चौकोनी. मग वस्तू मुळात कशी आहे हे छातीठोकपणे कोण सांगणार? त्यांचं पुढचं म्हणणं, म्हणजे निर्णयच थांबवा आणि मन शांत ठेवा, ते मला झेपत नाही, पण ही रीत मात्र मी उचलली आणि एका दिवाळीत माझ्याच माहेरी लावून बघितली.

भाऊबीज. मी माहेरी आलेली, म्हणून भाऊ घरी. वहिनी पहाटेपासून ओट्याशी उभी, माझ्या आवडीचं म्हणून अनारसे तळतीये. मी झोपाळ्यावर आईशेजारी बसलेली. मध्येच वहिनीचा फोन वाजतो, तिचा भाऊ, ती हळू आवाजात सांगते, "ताईंचं ओवाळणं झालं की निघतेच रे, तुम्ही जेवून घ्या." तिच्या माहेरी तिची आई वाट बघतीये, आणि ती निघू शकत नाही कारण माझं माहेर चालू आहे. एकच घर, एकच ओटा, एकच सकाळ. मला ते माहेर, तिला ते सासर, आणि दोन्ही शंभर टक्के खरं. आणि तिच्या माहेरी त्या क्षणी तिची भावजय अशीच अडकलेली असणार, तिचा भाऊ आणखी कुठेतरी ताटकळत. अशी ही साखळी महाराष्ट्रभर त्या एका दिवशी चालू असते. एकीचं माहेर दुसरीच्या सासरपणावरच उभं असतं हे कुठल्या सिनेमात बघितलंय तुम्ही? सिनेमात वहिनी येते ती एकतर देवी नाहीतर खाष्ट.

बहिणाबाईंनी मात्र हे केव्हाच सांगून ठेवलं होतं. त्यांच्या कवितेत योगी विचारतो की माहेर माहेर काय गातेस, माहेर इतकं गोड तर सासरी कशाला आलीस? आणि ती सांगते, दे रे दे रे योग्या ध्यान, ऐक काय मी सांगते, लेकीच्या माहेरासाठी माय सासरी नांदते.

हे किती मोठं आहे! संतांनी माहेर देवाकडे नेलं, गाण्यांनी ते हरवलेल्या बालपणात ठेवलं, आणि या शाळेत न गेलेल्या बाईने ते जिथे तयार होतं ती जागाच दाखवली. माहेर आयतं मिळत नाही, कुणीतरी बाई आपल्या सासरी टिकून राहते तेव्हा पुढच्या पिढीला ते मिळतं. ट्रोप तोच, शब्द तेच दोन, फक्त बहिणाबाई लेकीच्या जागेवरून उठून मायच्या जागेवर जाऊन बसल्या. आणि ध्यान द्यायला कुणाला सांगतायत तर योग्याला, ज्याचा ध्यान हाच धंदा.

आणि जागा बदलून बघितलं नाही की काय होतं तेही सांगते, कारण हे नुसतं कवितेपुरतं नाहीये. महाराष्ट्रात 1994 च्या कायद्याने आणि देशभर 2005 च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीचा वाटा मिळाला, 2020 मध्ये सुप्रीम कोर्टाने तो जन्मापासूनच आहे हेही स्पष्ट केलं. आणि तरी गावोगावी बहिणी हक्कसोडपत्रावर सह्या करतात. का करतात, विचारलं तर बहुतेकींचं उत्तर एकच, "माहेर तुटेल." बघा त्या शब्दाची ताकद. भाऊ जबरदस्ती करत नाही कित्येकदा, त्याला गरजच पडत नाही, तेराव्यानंतर कुणीतरी वडीलधारं हळूच म्हणतं, "बाई गं, दिवाळीची साडीचोळी कुठे जातीये का तुझी?" आणि ती सही करते. सातबाऱ्यावरून नाव जातं आणि बदल्यात दरवर्षी एक साडी येते. वर मी लिहिलं की अख्खं घर साडीत घडी घालून बसवलंय, ते खरंच आहे, पण तीच लक्षणा इथे जमिनीच्या जागी कापड देऊन मोकळी होते. ज्या शब्दाने वारकऱ्याला विठ्ठलापर्यंत नेलं त्याच शब्दाने त्याच्या लेकीचा वाटा काढून घेतला. म्हणून "जुनाच ट्रोप" म्हणून सोडून देणाऱ्यांचा मला राग येतो, तो जुना आहे पण रजिस्ट्रारच्या ऑफिसात रोज कामावर हजर आहे.

मला असा सिनेमा बघायचाय, ज्यात भाऊबीजेच्या सकाळी कॅमेरा झोपाळ्यावर न बसता ओट्यापाशी उभा राहील. तो येईल तेव्हा येईल. तोवर हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी गावोगाव फिरून गोळा केलेल्या जात्यावरच्या ओव्या आहेत, एक लाखाहून जास्त, त्यातल्या कितीतरी आता परीच्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) वेबसाइटवर आवाजासकट ऐकता येतात. मी सध्या त्यात भावजय शोधतीये. नणंदेने भावजयीबद्दल गायलेल्या ओव्या भरपूर सापडतात. पण दळणारी प्रत्येक बाई माहेरच्या आठवणीने गात होती ती कुणाच्यातरी माहेरातच बसून, त्या घरची भावजय म्हणून. ती त्या जागेवरून काय म्हणाली असेल ते ऐकायचंय मला, आणि कुणाला अशी ओवी आपल्या आजीकडून माहीत असेल तर मला नक्की कळवा.